प्रेशर चेंबर: थारच्या झुडपांचं पाणी मोजायला हे यंत्र कितपत उपयोगी?

वाळवंटी झुडपं कोवळ्या वयात आणि जुनी झाल्यावर जमिनीतून पाणी कसं उचलतात यावर काम करायचं आहे आणि एकच मोठं यंत्र घेण्याइतका निधी आहे, तर तो प्रेशर चेंबरवर, म्हणजे झाडातल्या पाण्यावरचा ताण मोजणाऱ्या यंत्रावर, खर्च करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. जमिनीत पुरायचे सेन्सर त्यानंतर. माती किती वाळली हे सेन्सर सांगतो. पण ते पाणी दोन वर्षांच्या रोपाने नेलं, शेजारच्या वीस वर्षांच्या झुडपाने नेलं की उन्हाने, हे त्याला कळत नाही. चेंबरचं माप थेट झाडातलं असतं. मात्र थारमध्ये वापरायचं तर किती दाबाचं चेंबर घ्यावं, गॅस किती लागतो आणि आकडा कुठे फसवतो, हे विक्रेत्याच्या पत्रकात सापडत नाही. या परीक्षणाचा भर त्यावरच आहे.

यंत्राचं तत्त्व साधं आहे. झाडाच्या जलवाहिन्यांमधलं पाणी ताणाखाली असतं, कारण वरून पानं ते ओढत असतात आणि खाली माती ते धरून ठेवत असते. डहाळी कापली की ताण सुटतो आणि पाणी कापापासून आत सरकतं. ती डहाळी धातूच्या जाड भांड्यात बंद करायची, कापलेलं टोक झाकणातल्या रबरी गॅस्केटमधून बाहेर ठेवायचं आणि भांड्यात नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवायचा. ज्या दाबाला पाणी पुन्हा कापावर येतं, तेवढाच ताण मुळात झाडात होता. गेजवर २५ बार दिसले तर जलविभव (ताण उणे आकड्यात सांगणारं माप) उणे २५ बार, म्हणजे उणे २.५ मेगापास्कल. डब्लिनच्या हेन्री डिक्सन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच प्रयोग काचेच्या भांड्यात करून पाहिला होता. भांडी फुटली आणि त्यांनी तो सोडला. १९६५ मध्ये पेर शोलँडर आणि सहकाऱ्यांनी धातूचं चेंबर वापरून खारफुटीपासून वाळवंटी झुडपांपर्यंतची मापं प्रसिद्ध केली. उंच डग्लस फरच्या शेंड्याच्या डहाळ्या त्यांनी रायफलीने पाडून घेतल्या होत्या. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. इलेक्ट्रॉनिक भाग नसतानाही हे यंत्र पूर्ण काम करतं, आणि वीज नसलेल्या धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, हा फार मोठा गुण आहे.

वयाचा प्रश्न सोडवायचा तर माप पहाटेचंच हवं. रात्री पर्णरंध्रं मिटलेली असतात, पानांची ओढ थांबते आणि झाडातला ताण हळूहळू मुळांभोवतीच्या मातीच्या ताणाशी जुळतो. तोही सगळ्या मातीच्या सरासरीशी नव्हे, तर जिथे पुरेशी मुळं आहेत अशा सर्वांत ओल्या थराशी जवळजवळ. म्हणून पहाटेचा आकडा म्हणजे ‘या झाडाच्या मुळांच्या आवाक्यातली सर्वांत ओली जागा किती ओली आहे’ याचं उत्तर. दुपारचा आकडा झाडावर किती ताण आला ते सांगतो, पाणी कुठून आलं ते नाही. दोन्ही घ्यावेत, पण कोवळं आणि जुनं यांची तुलना पहाटेच्या आकड्यावर करावी.

थारच्या वाळूत ही तुलना इतकी बोलकी का ठरते, हे थोडं उलगडून पाहू. धोऱ्याची वाळू फार थोडं पाणी धरते. निथळून गेल्यावर आकारमानाने साधारण ८ ते १० टक्के, आणि सुकलेल्या अवस्थेत २ ते ३ टक्के. म्हणजे झाडाला मिळू शकणारं पाणी मीटरभर खोलीत जेमतेम ६० ते ७० मिलिमीटर. कोरड्या वाळूवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ओल साधारण १४ सेंटिमीटरच खाली जाते आणि त्यातली बरीचशी काही दिवसांत उडून जाते. पण मोसमी पावसाच्या चांगल्या सरींनी ओल एकदा मीटरभर खाली उतरली, की वरची सुकी वाळू झाकणासारखी काम करते. खालची ओल उन्हाळ्यातही टिकते. जैसलमेरसारख्या ठिकाणी वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो. ऑक्टोबरनंतर रोप जगेल की मरेल, हे त्याचं मूळ सुकत जाणाऱ्या पृष्ठभागाच्या पुढे खाली पोचलं का यावरच ठरतं. फोग किंवा खीप यांसारखं थारमधलं जुनं झुडूप ही शर्यत केव्हाच पार करून गेलेलं असतं. शिवाय फोग वाळूत गाडलं गेलं की गाडलेल्या फांद्यांनाही मुळं फुटतात, त्यामुळे त्याच्याकडे वरची पसरट मुळं आणि खोल मुळं दोन्ही असतात.

जिथे अर्ध्या-एक मीटरवर चुनखडीच्या खड्यांचा घट्ट थर आहे तिथे मात्र चित्र बदलतं. तो थर जुन्या झुडपाच्याही मुळांना अडवतो आणि कोवळ्या-जुन्यांच्या आकड्यांतलं अंतर कमी होतं. म्हणून धोरा आणि अशी खड्यांची, म्हणजे कंकराळ, सपाटी यांची मापं एकाच तक्त्यात मिसळू नयेत.

आता यंत्र निवडण्याबद्दल. बाजारात ४० बार, ७० बार आणि १०० बार अशा क्षमतांची चेंबरं मिळतात. ओरेगनच्या पीएमएस इन्स्ट्रुमेंट कंपनीचं मॉडेल ६०० हे ४० बारचं आणि सगळ्यांत परिचित. भाजीपाला, फळबागा, पानझडी जंगल यांसाठी ते पुरेसं आहे. वाळवंटी झुडपांसाठी नाही. शेतीतल्या पिकांची कायमची कोमेज उणे १५ बारला धरतात. अमेरिकी वाळवंटातलं क्रिओसोट झुडूप उणे ६० बारच्या खाली जाऊनही जिवंत राहतं. जूनमधल्या कोरड्या दिवसांत ४० बारला गेज संपला आणि पाणी आलंच नाही, तर हाती राहतं ते फक्त ‘४० पेक्षा जास्त’ एवढंच, आणि त्यावर ना सरासरी काढता येते ना आलेख. तेही नेमक्या त्या कोवळ्या रोपांच्या बाबतीत, ज्यांच्यासाठी खटाटोप केला. थारसाठी किमान ७० बार, शक्य असेल तर १०० बारचं चेंबर घ्यावं.

पण मोठ्या गेजची एक किंमत आहे. १०० बारच्या गेजची अचूकता पूर्ण मापाच्या १ टक्का असेल तर चूक कुठेही १ बारची धरावी लागते. उणे ५० बारला ती किरकोळ. पण ऑगस्टमध्ये जुनं झुडूप उणे ३ बार दाखवत असेल तर तीच चूक एक तृतीयांश होते. यावर दोन उपाय: ०.२५ टक्के अचूकतेचा डिजिटल गेज मागावा, किंवा ४० बारचा दुसरा अॅनालॉग गेज आणि मध्ये बंद करता येणारी झडप बसवून घ्यावी. आमची पसंती डिजिटलला, सोबत अॅनालॉग राहू द्यावा. उष्णतेत पडदा काळा पडला तर काम अडत नाही.

हातपंपाने दाब देणारं छोटं चेंबरही मिळतं. सिलिंडर नको, वजन कमी, पण ते साधारण २० बारपर्यंतच जातं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत पाणी कधी सोडायचं हे ठरवायला ते उत्तम आहे. थारमध्ये पावसाळ्यापुरतं चालेल, बाकी आठ-नऊ महिने त्याचा उपयोग नाही.

गॅसचा हिशेब खरेदीआधीच करायला हवा, कारण क्षेत्रकामाचं वेळापत्रक त्यावर ठरतं. समजा चेंबरची रिकामी जागा एक लिटर आहे. ४० बारपर्यंत नेलं की वातावरणाच्या दाबाला मोजलेला ४० लिटर गॅस एका मापाला जातो. १५० बारला भरलेल्या १० लिटरच्या सिलिंडरमध्ये १,५०० लिटर गॅस असतो, पण तो सगळा वापरता येत नाही. सिलिंडर ४० बारवर आला की चेंबरमध्ये ४० बार चढणारच नाहीत. म्हणजे हातात ११० गुणिले १०, ११०० लिटर. मापं साधारण २७. उन्हाळ्यात ६० बार लागत असतील तर ९०० लिटर आणि मापं अवघी १५. भरलेल्या सिलिंडरमधला चाळीस टक्के गॅस परत घेऊन यावा लागतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ४७ लिटरच्या मोठ्या सिलिंडरवर ६० बारची ७० मापं होतात, पण तो वाळूत ओढून नेणं दोन माणसांचं काम. सोपा उपाय म्हणजे चेंबरच्या आत अॅक्रिलिकचे भरीव तुकडे टाकून रिकामी जागा अर्ध्यावर आणणं. मापं दुप्पट होतात आणि अचूकतेला काही होत नाही.

वायू नायट्रोजनच वापरावा. स्वच्छ, कोरडी दाबलेली हवा चालते. कार्बन डायऑक्साइड नको: सिलिंडरमध्ये तो द्रवरूप असतो, खोलीच्या तापमानाला त्याचा दाब ६० बारच्या आसपासच राहतो, आणि तो आत शिरताना चेंबर थंडगार करतो. ऑक्सिजन कधीही नको. झडपांवरच्या ग्रीसशी उच्च दाबाचा ऑक्सिजन भेटला की आग लागते.

आयात यंत्राबरोबर येणारी नळी बहुधा अमेरिकी सीजीए-५८० जोडणीची असते. भारतातले नायट्रोजन सिलिंडर आयएस ३२२४ या भारतीय मानकाप्रमाणे झडपा लावून येतात. दोन्हींचे आटे जुळत नाहीत. अडॅप्टर कोटेशनमध्येच लिहून घ्यावा आणि तो चेंबरच्या कमाल दाबापेक्षा नव्हे, तर भरलेल्या सिलिंडरच्या दाबापेक्षा जास्त क्षमतेचा आहे हे प्रमाणपत्रावर पाहावं. टेफ्लॉन टेप गुंडाळून न जुळणारा आटा बसवणं म्हणजे जिवाशी खेळ.

माप घेण्याची रीत पुस्तकांत असते. वाळवंटी झुडपांच्या बाबतीत कुठे बिघडतं ते इथे सांगतो. आदल्या संध्याकाळी निवडलेली डहाळी झिपलॉक पिशवीत घालून वरून अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी. काही वाळवंटी झुडपं रात्रीही थोडं पाणी सोडत राहतात. मग पहाटेचं झाड मातीशी जुळलेलं नसतं आणि आकडा मातीपेक्षा जास्त कोरडा दिसतो. पिशवीत त्या डहाळीपुरती ती गळती थांबते. पहाटे पिशवीसकट कापावी, नव्या ब्लेडने, एकाच तिरक्या कापात. काप वाकडा गेला म्हणून पुन्हा छाटू नये. त्याने बाहेरच्या टोकाची लांबी आणि पाणी मागे सरकलेलं अंतर बदलतं. तसंच झालं तर डहाळी टाकून दुसरी घ्यावी. गॅस्केटबाहेर पाच ते दहा मिलिमीटरपेक्षा जास्त टोक ठेवू नये. कापल्यापासून दाब सुरू होईपर्यंत एक मिनिट, फार तर दोन.

दाब वाढवण्याचा वेग ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. घाई केली की गेज पुढे पळतो, पाणी मागे राहतं, आणि आकडा खरा असायला हवा त्याहून मोठा येतो. अपेक्षित मापाच्या निम्म्यापर्यंत सेकंदाला एक बार चालेल. त्यापुढे सेकंदाला ०.२ बार. म्हणजे ४० बारच्या मापाला दोन मिनिटं, बाकीची उठाठेव धरून चार. जैसलमेरला मे महिन्यात सूर्य सहाच्या आसपास उगवतो, डिसेंबरअखेर साडेसातच्या सुमाराला. उजाडण्याआधीचा दीड तास धरला तर एका यंत्रावर पहाटे वीस-बावीस मापं होतात. आराखडा त्याच मर्यादेत बसवावा. मोठा तक्ता आखून शेवटची दहा मापं उन्हात घेतली, तर ती पहाटेची राहत नाहीत.

अंतिम बिंदू ओळखणं हाच या यंत्रावरचा खरा हुन्नर. दहा पट भिंग, कपाळावर बॅटरी, आणि नजर कापाच्या लाकडी वर्तुळावर. सालीवर नाही, मधल्या गाभ्यावरही नाही. पृष्ठभाग आधी काळसर दिसतो, मग चकाकतो. काळसरपणा सर्वत्र आला तो दाब लिहावा. फक्त बुडबुडे येत असतील आणि ओल नसेल तर तो गॅस आहे, डहाळीला चीर गेलेली आहे. रुई आणि थोर यांच्या बाबतीत कापताच पांढरा चीक येतो आणि सगळं झाकतो. टिपकागदाने तो वारंवार टिपावा, चीक थांबल्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब शोधावा. तरीही या दोन वनस्पतींची मापं कमी भरवशाची धरावीत. फोग, खीप आणि नेपती यांना पानं जवळजवळ नसतात, हिरव्या काड्याच पानांचं काम करतात. अशा काड्या गॅस्केटमध्ये जास्त आवळल्या की चेपतात, पाण्याची वाट बंद होते आणि आकडा उगाच वाढतो. छिद्र काडीच्या व्यासाहून किंचितच मोठं असलेलं गॅस्केट वापरलं तर आवळावं लागतच नाही. म्हणून २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंतची गॅस्केटं सुरुवातीलाच मागवावीत, २ आणि ३ मिलिमीटरची दुप्पट.

लाणा आणि झाऊ यांसारख्या खारट जमिनीतल्या झुडपांसाठी एक जास्तीचं पाऊल आहे. चेंबर फक्त पाण्यावरचा ताण मोजतं, त्यात विरघळलेल्या क्षारांचा वाटा मोजत नाही. बहुतेक झाडांत तो वाटा एक-दोन बारच्या आत असतो आणि सोडून देता येतो. खारट झुडपांत सोडता येत नाही. अंतिम बिंदूनंतर दाब थोडा वाढवून बाहेर येणारा रस केशनळीत गोळा करावा आणि ऑस्मोमीटरवर, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा वाटा मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून तो भाग जोडावा. हे न करता लाण्याचा आकडा फोगाशेजारी ठेवला, तर लाण्याला पाणी जास्त सोपं मिळतंय असा उलटाच निष्कर्ष निघतो.

कोवळ्या रोपांपाशी यंत्राची मोठी उणीव समोर येते: त्या वर्षीचं रोप मोजायचं म्हणजे ते जमिनीलगत कापून संपवायचं. तेच रोप पुढच्या महिन्यात पुन्हा मोजता येत नाही. जुन्या झुडपाच्या फांद्या वर्षभर पुरतात, पण रोपांसाठी दर फेरीला वेगळी रोपं लागतात. फेरीला सहा रोपं आणि वर्षात सहा फेऱ्या, तर छत्तीस. मरतुकीचा विचार करून सुरुवातीला त्याच्या तिप्पट रोपांवर खूण करावी. नैसर्गिक रोपं तुरळक असतील तर हा अभ्यास त्यांच्यावर करूच नये, पेरून तयार केलेल्या वाफ्यावर करावा.

वय ठरवण्याबद्दलही सावध राहायला हवं. थारच्या झुडपांत वर्षवलयांवर भिस्त ठेवता येत नाही. अवकाळी पावसाने एका वर्षात दोन वलयं पडू शकतात, आणि गाडल्या गेलेल्या फोगाचा मूळ बुंधा वाळूखाली कुठे आहे हेच कळत नाही. लागवडीचं वर्ष नोंदलेल्या वनखात्याच्या किंवा संस्थांच्या पट्ट्यांवर काम करावं. जोधपूरच्या ‘काझरी’ची, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेची, स्थापना १९५९ मधली, या भागात जुन्या नोंदी असलेल्या लागवडी आहेत. नोंद नसेल तर वय न लिहिता बुंध्याच्या व्यासाचे गट करावेत आणि तसंच सांगावं. एकाच उताराच्या एकाच पातळीवरची झुडपं घ्यावीत, कारण धोऱ्याचा माथा आणि पायथा यांतला ओलाव्याचा फरक वयाच्या फरकाला सहज गिळून टाकतो.

आकडे कसे वाचायचे ते उदाहरणादाखल पाहू. नोव्हेंबरमध्ये २० सेंटिमीटरवरची वाळू उणे ४० बार, ६० वर उणे १२ आणि दीड मीटरवर उणे ३ आहे. रोप उणे ३५ दाखवतं, जुनं झुडूप उणे ५. रोपाची मुळं वरच्याच थरात आहेत आणि जुन्याची खोल, असं म्हणायला जागा आहे. मग २० मिलिमीटर अवकाळी पाऊस पडतो. तिसऱ्या पहाटे रोप उणे ४ वर येतं; वरचं पाणी त्याने घेतलं, यात शंका नाही. जुनं झुडूप मात्र उणे ५ वरून उणे ४ वर. आता त्याने वरचं पाणी प्यायलं की नाही? चेंबर इथे गप्प बसतं. खोल पाण्याशी ते आधीच जुळलेलं होतं, त्यामुळे वरून भरपूर घेतलं तरी आकडा फारसा हलणार नाही. मुळांच्या आवाक्यातली सर्वांत ओली जागा कळते, कुठून किती टक्के घेतलं ते कळत नाही. फक्त चेंबरच्या जोरावर ‘जुनी झुडपं पावसाचं पाणी वापरत नाहीत’ असं लिहिणं चूक आहे.

आणखी एक गृहीतक आधीच सोडून द्यावं: जुनं म्हणजे नेहमी सुखी. जुन्या झुडपाचा पसारा मोठा, पाण्याची गरज मोठी. खालचा साठा संपत गेला की तेच आधी कोरडं पडू शकतं. चीनच्या टेंगर वाळवंटाच्या कडेला शापोतो इथे बाओतो-लानझोऊ रेल्वेमार्ग वाळूपासून वाचवण्यासाठी १९५६ पासून गवताच्या काड्यांचे एक मीटरचे चौकोन रोवून त्यांत कॅरागाना आणि आर्टेमिसिया ही झुडपं लावली. वर्षाचा पाऊस तिथे १८० मिलिमीटरच्या आसपास. काही दशकांत वाळूवर धूळ आणि शैवाल-शेवाळाची साय तयार झाली, पावसाचं पाणी वरच्याच थरात अडू लागलं, खालची ओल घटली आणि खोल मुळांची झुडपं विरळ होत गेली. अशा ठिकाणी वयाबरोबर पहाटेचा आकडा सुधारण्याऐवजी बिघडतो. लागवडीचं मूल्यमापन करणाऱ्यांसाठी चेंबरचा हा उपयोग आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो: झुडूप बाहेरून हिरवं दिसत असतानाच जूनचा पहाटेचा आकडा दरवर्षी जास्त उणे होत असेल, तर दाटी कमी करायला अजून वेळ आहे.

मातीची बाजू मोजल्याशिवाय यातलं काहीच वाचता येत नाही. इथे सेन्सर पुन्हा तोकडे पडतात. मातीचा ताण मोजणारा टेन्सिओमीटर साधारण ०.८ बारला हवा घेतो आणि बंद पडतो. झुडूप त्याच्या पन्नास पट ताणावर पाणी ओढत असतं. दाणेदार मॅट्रिक्स सेन्सर दोन-सव्वादोन बारपर्यंत. धारितेवर चालणारे ओलावा सेन्सर नेहमीच्या कॅलिब्रेशनला ३ टक्क्यांची चूक धरून येतात, आणि धोऱ्याच्या वाळूत सगळा उपयोगी ओलावाच ६-७ टक्क्यांचा. जुना, कष्टाचा मार्ग अजूनही चांगला: ऑगरने (मातीच्या गिरमिटाने) १०, २०, ४०, ६०, १००, १५० सेंटिमीटरवरचे नमुने घट्ट झाकणाच्या डब्यांत घ्यावेत, अर्धा भाग १०५ अंशाला २४ तास वाळवून वजन करावं, उरलेल्या भागाचा ताण व्हॉटमन ४२ या गाळण-कागदाच्या पद्धतीने मोजावा. कागद मातीत सात दिवस बंद ठेवून त्याचं ओलं-कोरडं वजन ०.०००१ ग्रॅमच्या तराजूवर घ्यायचं. तापमान स्थिर ठेवलं नाही तर डब्याच्या झाकणावर दव जमतं आणि आकडा वाया जातो. डब्ल्यूपी४सी हे दवबिंदूवरचं यंत्र असेल तर हेच काम मिनिटांत होतं. फक्त ओल्या नमुन्यांवर त्याची ०.०५ मेगापास्कलची चूक जाणवते, कोरड्यांवर नाही.

कोणत्या थरातून किती पाणी घेतलं हा वाटा हवा असेल तर स्थिर समस्थानिकांची, म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजून ते कुठलं हे ओळखण्याची, सेवा जोडीला घ्यावी लागते. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था इथे पाण्याच्या समस्थानिकांचं काम चालतं. नमुने पाठवण्याआधी लाकडातलं पाणी तेच काढणार की तयार पाणीच मागणार, हे विचारून घ्यावं. टॉड डॉसन आणि जेम्स एलरिंगर यांनी १९९१ मध्ये युटामधल्या ओढ्याकाठी हेच तंत्र वापरून दाखवलं की मोठी झाडं शेजारच्या ओढ्याचं पाणी वापरतच नव्हती, खोलवरचं वापरत होती. ओढ्याचं पाणी पीत होती ती लहान झाडं. नमुना घेताना एक गोष्ट अजिबात विसरू नये: फोग किंवा खिपाची हिरवी काडी पाठवू नये. तिच्यातून स्वतःतूनच बाष्पीभवन होतं आणि पाण्याची समस्थानिक खूण बदललेली असते. मातीलगतचं तपकिरी, जून लाकूड घ्यावं, साल सोलावी, तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे काचेच्या कुपीत भरून पॅराफिल्मने बंद करावेत आणि गोठवावेत. कोरड्या आणि खारट भागातल्या काही झुडपांत मुळं पाणी घेतानाच हायड्रोजनचं प्रमाण बदलतं, म्हणून भर ऑक्सिजन-१८ वर ठेवावा. आणि नमुने मोठ्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी घ्यावेत. वरचा थर बाष्पीभवनाने खालच्यापेक्षा वेगळा झालेला असेल तरच दोन्हींत फरक करता येतो.

सुरक्षिततेबाबत हयगय नको. ६० बारला गॅस्केट सैल असेल तर डहाळी गोळीसारखी वर उडते, म्हणून भिंगातून पाहताना चेहरा सरळ वर न आणता बाजूने पाहावं आणि संरक्षक चष्मा कायम लावावा. झाकण फिरवण्याआधी गेज शून्यावर आहे याची खात्री दर वेळी करावी. दाब असताना झाकण उघडू न देणारी कुलूपबंद रचना नसलेलं जुनं चेंबर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. सिलिंडर गाडीत टोपी लावून, आडवा आणि दोन जागी बांधून न्यावा. हायड्रो-टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची, तारीख पाहूनच भाड्याने घ्यावा.

देखभालीत शत्रू एकच, वाळू. झाकणाच्या ओ-रिंगवर ग्रीस लावतात आणि ग्रीसला वाळू चिकटते. दोन-तीन दिवसांत ओ-रिंगवर बारीक चरे पडतात आणि २० बारच्या वर हिस्स असा आवाज सुरू होतो. ग्रीस अगदी नखभर लावावं, रोज रात्री ओ-रिंग काढून कापडाने पुसावी, खाचेत मऊ ब्रश फिरवावा, यंत्र जमिनीवर न ठेवता ताडपत्रीवर ठेवावं. नियंत्रण झडपेची सुई मात्र क्षेत्रावर कधीच उघडू नये. सोबत ओ-रिंगचे चार जादा संच, गॅस्केटं, पन्नास ब्लेड आणि नळीचा एक जादा तुकडा असला की पंधरवड्याची फेरी अडत नाही.

यंत्राची किंमत लाखांत जाते, आणि वर्षाला दोन-चार पहाटेच वापरायचं असेल तर विकत घेण्याऐवजी एखाद्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून किंवा फळबाग संशोधन केंद्राकडून उसनं मिळवणं शहाणपणाचं. मात्र तिथलं चेंबर ४० बारचं निघाल्यास काम सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये बसवावं. किमान दोन वर्षं, दोन वयोगट आणि दर दोन महिन्यांनी एक फेरी अशी आखणी असेल तर विकत घ्यावं. कोटेशनमध्ये चार गोष्टी वेगळ्या ओळींवर हव्यात: १०० बारचं चेंबर, कॅलिब्रेशन प्रमाणपत्रासह डिजिटल गेज, आयएस ३२२४ जोडणीचा अडॅप्टर, आणि लहान व्यासाची गॅस्केटं.